तळाची तपासणी

बोट पाण्याबाहेर काढून अकरा दिवस झाले, तरी आईने आपला मुक्काम हलवला नव्हता. दुरुस्तीच्या आवारात आठ लाकडी टेकूंवर बोट उभी होती. दार जमिनीपासून चांगलं दोन माणसं उंच, आणि वर जायला बारा पायऱ्यांची शिडी. सत्तर वर्षांची बाई दिवसातून दोनदा ती शिडी चढउतार करत होती आणि जड सामान दोरीला बांधलेल्या बादलीतून वर ओढून घेत होती. आवाराच्या मालकाने पहिले दोन दिवस हात जोडले, तिसऱ्या दिवशी शिडी दोराने घट्ट बांधून दिली आणि मग नाद सोडला.

"आईचा जीव आहे त्या बोटीत," असं घरात सगळे म्हणत. दादा मोठ्याने म्हणे, वहिनी मान डोलावून म्हणे, आणि टोची तेवढ्यात कप विसळायला उठे.

टोची म्हणजे दादाची धाकटी बहीण, दातांची डॉक्टर. लहानपणी ती शिवणाची सुई घेऊन बोटीची फळी न् फळी टोचत फिरायची, लाकूड कुठे मऊ पडलंय ते शोधायला. बाबांनी तिचं नाव टोची ठेवलं. आता एक्केचाळिसाव्या वर्षी ती लोकांच्या दाढा टोचत होती, तेव्हा नाव बदलायचं काही कारण पडलं नव्हतं.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तितकीच वर्षं टोचीच्या घरात मागची खोली तयार होती. तळमजला, मोठी खिडकी, पिवळे पडदे, न्हाणीघरात धरायला दांडा. आईला तिने खोली चार वेळा दाखवली होती. आई चारही वेळा "छान आहे गं" म्हणाली आणि बोटीवर परत गेली. त्यात गेल्या हिवाळ्यात आई बोट आणि धक्का यांच्यामधल्या फळीवरून घसरली आणि तिचा पुढचा दात तुटला. टोचीने तो गुपचूप बसवून दिला. "दादाला सांगू नकोस," आई म्हणाली होती, "तो लगेच कठडा ठोकत बसेल." तेव्हापासून फोन वाजला की टोची पेशंटला आ वासलेला तसाच ठेवून धावायची, आणि ते कुणाच्याच हिताचं नव्हतं.

म्हणून बुधवारी तिने एक काम केलं होतं. ते चांगलं नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं. बोट दुरुस्त करायची की मोडायची ते ठरवायला शनिवारी जो तपासनीस येणार होता, त्याला तिने फोन केला होता.

आज शनिवार होता.

*

वर बोटीच्या पोटात, जेवणाच्या टेबलाशी, सगळे आपापल्या जागी बसले होते. या घरात बसायच्या जागा वयाने किंवा मानाने ठरत नसत, वजनाने ठरत. धान्य वाहायची ही जुनी बोट बाबांनी घेतली, तिच्यात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बसवलं, आणि पहिल्याच जेवणात सूप ताटलीतून टेबलावर आणि टेबलावरून आईच्या मांडीवर आलं. तेव्हापासून डावीकडे किती आणि उजवीकडे किती याचा हिशेब बाबांनी कधी सोडला नाही. वहिनी लग्नाआधी पहिल्यांदा घरी आली तेव्हा त्यांनी तिला नावाआधी वजन विचारलं. तिने लाजून चार किलो कमी सांगितलं, आणि ते सबंध जेवण बोट तिच्या बाजूला कलून राहिली. सगळ्यांनी पाहिलं, कुणी ब्र काढला नाही.

आता बोट आठ टेकूंवर उभी होती, तसूभर हलणार नव्हती. तरी दादा आत आल्यावर वहिनी सवयीने एक जागा सरकली.

दादाच्या आधी आत्या वर आली होती. आली म्हणजे दादाने तिला खालून ढकलली आणि वहिनीने वरून ओढली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आयुष्यभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ती "बसते" असा शब्द उच्चारायची तो शेजारच्या बोटीत स्पष्ट ऐकू जायचा.

आत्या बरोबर आईच्या समोर बसली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी याच टेबलावर आत्या म्हणाली होती, सुपाला डिझेलचा वास येतोय. त्या दिवसापासून दोघींमधलं बोलणं तिसऱ्या माणसातून चाले.

"तिला विचार, चहा घेणार का," आई टोचीला म्हणाली.

"आत्या, चहा?"

"तिला सांग, अर्धा कप. आणि साखर दिसेल इतकी घाल म्हणावं."

"आई, अर्धा कप, आणि साखर..."

"ऐकलं मी," आई म्हणाली. "बहिरी नाहीये. तिला सांग, बहिरी नाहीये."

टोचीने सांगितलं. या कामात ती इतकी तरबेज झाली होती, की टोमणे दोन्हीकडे पोचवताना त्यांची धार तेवढी बोथट करायची.

पायाखालून आवाज आला. टक, टक, टक. मग थोडी शांतता. मग पुन्हा टक.

तपासनीस कामाला लागला होता. साठीतला किडकिडीत माणूस, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, एका हातात छोटी लाकडी हातोडी, दुसऱ्या हातात टोकदार टोचणी. आल्या आल्या त्याने चहाला नकार दिला. ज्यांची बोट तपासायची त्यांच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही त्याची पद्धत होती. स्वतःचा थर्मास त्याच्या पिशवीत होता. "मी फळी ठोकतो आणि ऐकतो," त्याने सांगितलं होतं. "चांगलं लाकूड एक बोलतं, कुजलेलं दुसरं बोलतं. म्हणून कृपा करून वर कुणी बोलू नये."

या कुटुंबाला ही अट म्हणजे श्वास घेऊ नये म्हणण्यासारखीच होती.

"बाबांचा हात फिरलाय इथल्या खिळ्याखिळ्यावर," दादा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यात वाकून रविवारी बोटीच्या फरशीखाली उताणा पडून पाणी उपसायचा पंप दुरुस्त करायचा. "काही झालं तरी बोट वाचली पाहिजे. मी सांगून ठेवतो."

"वाचलीच पाहिजे," वहिनी म्हणाली. ती वाचनालयात कामाला होती आणि सहा दिवस गप्प राहायची, त्यामुळे सुट्टीला तिचा आवाज जरा मोकळा सुटायचा. "इथे आल्याशिवाय मला रविवार रविवार वाटत नाही."

"माझ्या भावाची आठवण आहे ही," आत्या म्हणाली. "तिला सांग."

आईने दोन्ही हातांनी चहाचा कप धरला होता. "बोटीचं काय व्हायचं ते होईल," ती हळूच म्हणाली. "तुमच्या मनासारखं होऊ दे."

टोचीने सगळ्यांकडे पाहिलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. ही सगळी मायेची माणसं, आणि आपणच तेवढ्या घरभेदी. बुधवारचा फोन तर होताच, पण त्याहून वाईट मंगळवारचं. मंगळवारी आई बाहेर गेलेली असताना ती दवाखान्यातलं अवजार घेऊन इथे आली होती आणि बोटीचा तळ बारा ठिकाणी टोचून गेली होती. बारापैकी एकाही ठिकाणी टोक आत शिरलं नाही. अवजार लाकडासाठी नसावं, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी फोन केला.

"शांतता!" खालून तपासनीस ओरडला.

पाच माणसं गप्प बसली. टक, टक. आत्याने बिस्किट मोडलं. त्याचाही आवाज झाला, आणि सगळ्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने तळालाच भोक पाडलं.

*

दोन तासांनी तपासनीस वर आला, रिकाम्या जागेवर बसला, थर्मासमधला चहा झाकणात ओतला, संथपणे प्यायला, झाकण पुसलं आणि पिशवीतून कागद काढले. चार पानं होती. दोन घरूनच लिहून आणलेली, दोन आत्ता खाली उकिडवं बसून लिहिलेली.

"अहवाल मी मालकांसमोर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो," तो म्हणाला. "मधलं काही गाळत नाही. मगच सही."

"वाचा की," दादा म्हणाला.

"विभाग एक. तपासणीपूर्वी आलेले दूरध्वनी."

टोचीच्या कानशिलाशी काहीतरी गरम झालं.

"एखाद्या बोटीबद्दल मला तपासणीआधी कुणाचा फोन आला, तर त्याची नोंद अहवालात करायची, अशी माझी पद्धत आहे. एकतीस वर्षांची."

"पद्धत चांगलीच आहे," दादा घाईने म्हणाला, "पण आमच्यासाठी ते राहू द्या. आपण सरळ तळाकडे येऊ."

"हो, तळ महत्त्वाचा," वहिनी म्हणाली.

"फोनबिन काय, फोन सगळेच करतात," आत्या म्हणाली.

टोचीला हायसं वाटलं, आणि लगेच नवलही वाटलं, की ही सगळी आपल्याला का वाचवतायत?

"गाळत नाही," तपासनीस म्हणाला आणि त्याने चष्मा लावला. "सोमवार, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. थोरले चिरंजीव. तळ खराब निघाल्यास कुटुंब ते समजुतीने घेईल, असे सुचवले. खराब न निघाल्यास काय, असे विचारले असता, 'नीट बघा म्हणजे निघेल' असे उत्तर मिळाले. मागे लिफ्टची घंटा वाजत होती."

दादा छताकडे पाहत होता, जणू तिथे त्याला काहीतरी दुरुस्त करायचं होतं.

"तुम्ही?" वहिनी किंचाळली. "तुम्ही फोन केलात? बाबांच्या बोटीबद्दल? खिळ्याखिळ्यावर हात म्हणता आणि..."

"मंगळवार, दुपारी दोन," तपासनीस पुढे वाचत होता. "सूनबाई. वाचनालयातून कुजबुजत बोलल्याने तीनदा विचारावे लागले. बोट चांगली निघाली तर आपला संसार वाईट निघेल, गेल्या दोन वर्षांत नवऱ्याचे तोंड एकाही रविवारी पाहिलेले नाही, फक्त फरशीबाहेर आलेले पाय पाहिले, असे सांगितले."

वहिनीचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं.

"माझे पाय?" दादा म्हणाला.

"मंगळवार, दुपारी चार. वयस्क महिला. उच्चार अत्यंत स्पष्ट. भावाची बोट आहे, तरी मन मोठे करून मोडीत काढा, अशी आज्ञा केली. मी विचार करून सांगतो म्हटल्यावर 'लाइन चालू ठेवते' म्हणून अकरा मिनिटे थांबल्या."

आत्याने दुसरं बिस्किट मोडलं. या वेळी तिच्याकडे पाहायची कुणाची शामत नव्हती.

"बुधवार, सकाळी नऊ पन्नास."

टोचीने डोळे मिटले.

"कन्या, दंतवैद्य. आपण दोघेही टोचून बघणारे लोक आहोत, असे म्हणून जवळीक साधली. किडलेले काढून टाकलेले बरे, असे तत्त्व मांडले. माझे दात फुकट तपासून देण्याची तयारी दर्शवली." त्याने चष्म्यावरून पाहिलं. "माझे सर्व दात कृत्रिम आहेत. सबब प्रलोभन लागू पडत नाही."

"टोचे!" दादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात रागापेक्षा आनंदच जास्त होता.

"लाच दिलीस?" वहिनी म्हणाली. "आम्ही निदान नुसतं सांगितलं."

"फुकट तपासणी म्हणजे लाच नव्हे," टोची म्हणाली, पण तिचा आवाज आत्याच्या बिस्किटासारखा मोडला. तिने आईकडे पाहायचं टाळलं. सगळ्यांनीच टाळलं. चौघांनी मिळून एका म्हातारीचं घर मोडायला घेतलं होतं, आणि म्हातारी समोर बसली होती.

"अजून एक आहे," तपासनीस म्हणाला. "गुरुवार, सकाळी सात. मालकीणबाई स्वतः."

टोचीने डोळे उघडले.

"तळ ओला निघाला तर बरे होईल, असे म्हणाल्या. कोरडा निघाला तर पुन्हा एकदा बघा, असेही म्हणाल्या. हे मुलांना कळू नये, त्यांचा बोटीवर फार जीव आहे, त्यांना सोसणार नाही, असे सांगताना आवाज भरून आला होता."

आईने कप खाली ठेवला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"विभाग दोन, निष्कर्ष," तपासनीस म्हणाला. त्यातलं पहिलं वाक्य तो जरा मोठ्याने बोलला. "तळ शाबूत आहे. चाळीस फळ्यांपैकी चाळीस उत्तम. पाणी येत होते ते इंजिनाच्या दांड्याभोवतीच्या एका झिजलेल्या कड्यामुळे. छत आणि दोन खिडक्या नव्या कराव्या लागतील. सहा आठवड्यांचे काम. त्यानंतर ही बोट आणखी वीस वर्षे सुखाने तरंगेल. बोट दुरुस्त करण्याजोगी आहे. किंबहुना, दुरुस्त न करणे हे पाप आहे, परंतु हे माझे वैयक्तिक मत."

वीस वर्षं, हे ऐकून पाचही जणांच्या तोंडचं पाणी पळालं. दादाने तर टेबलाची कड धरली.

*

मग जो काही गोंधळ उडाला तो आवाराच्या फाटकापर्यंत ऐकू गेला असेल. दादा वहिनीला म्हणाला की पाय दिसतात तर पायांशी बोलायचं होतंस. वहिनी म्हणाली, बोलत होते, पाय उत्तर देत नव्हते. आत्या म्हणाली की या घरात खोटं बोलण्याची रीत तिच्या भावाच्या वेळी नव्हती, आणि दादा म्हणाला, अकरा मिनिटं लाइन कुणी धरली होती? टोचीने सगळ्यांचा आवाज चढेपर्यंत वाट पाहिली आणि मग विचारलं, "आई, तू का फोन केलास?"

सगळे थांबले.

"मला नाही आवडत ही बोट," आई म्हणाली.

"कधीपासून?" दादाने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून." आईने पदराने कपाळ टिपलं. "तुझ्या बाबांनी दोन वर्षांसाठी म्हणून आणलं होतं मला. दर दोन वर्षांनी मी आठवण करायची, ते म्हणायचे, आता दोनच वर्षं. पंचेचाळीस वर्षं झाली. एकदासुद्धा पाठ टेकून गाढ झोपले नाही मी. सारखं आपलं काहीतरी हलतंय. आता ही टेकूंवर उभी आहे ना, हे अकरा दिवस मी जी झोपतेय, काय सांगू तुम्हाला. म्हणून तर मुक्काम हलवत नव्हते."

"बाबांना कधी बोलली का नाहीस?"

"सकाळी चहा घेऊन ते डेकवर उभे राहायचे, तेव्हा त्यांचं तोंड बघितलंयस कधी?" आई म्हणाली. "मग काय बोलायचं, सांग. ते गेले तेव्हा मी खूप रडले. आणि रडता रडता मनात आलं, आता निदान जमिनीवर राहायला जाऊ. तर तुम्ही दोघं दर रविवारी हजर. बाबांची बोट, बाबांची बोट. म्हटलं, पोरांचा एवढा जीव आहे, तर राहू इथेच."

"आमचा कुठे जीव आहे?" दादा कळवळून म्हणाला. "मी तुझ्यासाठी येत होतो! तुझा जीव आहे म्हणून!"

टोचीला हसू फुटलं आणि ते आवरेना. दोन वर्षं सगळ्यांनी एकमेकांसाठी ही बोट तरंगत ठेवली होती, आणि तिला धरून ठेवणारं प्रत्यक्षात कुणीच नव्हतं. हसताहसता तिच्या मनात लख्ख उजेड पडला. म्हणजे आता अडसर उरला नाही. पिवळे पडदे, खिडकी, न्हाणीघरातला दांडा.

"मग आजच चल," ती म्हणाली. "आई, तुझी खोली तयार आहे. आत्ता सामान बांधू."

"आमच्याकडे का नाही?" दादा म्हणाला. "तिसरा मजला असला तरी लिफ्ट आहे. माझी लिफ्ट बंद पडत नाही."

आईने समोर पाहिलं. एकोणीस वर्षांत या टेबलाशी पहिल्यांदा सरळ समोर पाहिलं आणि म्हणाली, "वन्सं, किल्ली दाखवा."

दादाच्या हातातला चमचा खाली पडला.

आत्याने पर्स उघडली आणि टेबलावर एक किल्ली ठेवली. नवी कोरी, लाल दोरा बांधलेली. "बाजाराच्या मागच्या गल्लीत," ती म्हणाली. "तळमजला. दोन खोल्या. एक माझी, एक वहिनीची."

"माझी?" वहिनी दचकून म्हणाली.

"तुझी नव्हे गं. माझ्या वहिनीची."

"तुम्ही दोघी बोलता?" टोचीने विचारलं.

"आठ वर्षं झाली," आई म्हणाली. "दर मंगळवारी जाते मी यांच्याकडे."

"आणि आम्ही निरोप पोचवतोय! चहा, साखर, बहिरी नाहीये!"

"तुम्हाला सवय झाली होती," आत्या म्हणाली. "एकदम बोलायला लागलो असतो तर तुम्ही कारण विचारलं असतं. कारण काहीच नव्हतं. एका मंगळवारी ही आली आणि दारातच म्हणाली..."

"वास होता म्हटलं," आई म्हणाली. "सुपाला डिझेलचा वास होता. मला तेव्हाच आला होता. पण यांनी आधी म्हटलं, म्हणून राग आला."

दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या. टोचीला तेव्हा कळलं की आई त्या खोलीत येणार नाही. तिच्या हातून कधीच गेली होती, आठ वर्षांपूर्वी एका मंगळवारी, खोली तयार होण्याच्याही आधी.

"निर्णयाचा रकाना रिकामा आहे," तपासनीस म्हणाला. "दुरुस्ती की मोड, ते मालकांनी सांगायचं."

"मोड लिहा," आई म्हणाली. "कुणालाच नको आहे. मी दोन दिवस रडेन, मग बरी होईन."

त्याची पेन्सिल कागदाला टेकली.

"थांबा," टोची म्हणाली. "मोड लिहू नका." तिने कागदावर हात ठेवला. "मंगळवारी मी तळ टोचून बघितला होता. बारा ठिकाणी. चांगला आहे हे मला ठाऊक होतं, तरी फोन केला. पेशंटने पाय धरले तरी मी आजवर चांगली दाढ काढलेली नाही, आणि आईला घरी न्यायचं म्हणून एवढी बोट काढायला निघाले होते. माझं चुकलं. पण आता सगळ्यांसमोर, चांगली आहे असं ऐकून, मला नाही हो म्हणता येणार."

"अगं, पण मग राहणार कोण हिच्यात?" दादाने विचारलं. "तू?"

वहिनीने नवऱ्याचा हात घट्ट धरला, न जाणो तोच हो म्हणायचा.

तपासनीसाने घसा खाकरला. "पान चार वाचायचं राहिलं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "विभाग तीन, टीप. तळ तपासत असताना तपासनीसाच्या मनात सदर बोटीविषयी लोभ उत्पन्न झाला. असे एकतीस वर्षांत प्रथमच घडत आहे. सबब प्रस्तुत अहवालावर विश्वास ठेवू नये व तो दुसऱ्या तपासनीसाकडून पडताळून घ्यावा."

दादाने हात पुढे करून ते पान स्वतः वाचून पाहिलं.

"तुम्हाला हवी आहे?" आईने विचारलं.

"मी चौथ्या मजल्यावर राहतो," तपासनीस कागदाकडे बघत म्हणाला. "एकटाच. आयुष्यभर लोकांच्या बोटी खालून ठोकत आलो. वर बसून जेवा, असं कुणी म्हणालं नाही. म्हटलं असतं तरी माझ्या पद्धतीत बसलं नसतं."

"हलते हं ती," आई म्हणाली. "फार हलते."

"मला माहीत आहे," तो म्हणाला, आणि इतक्या मायेने म्हणाला की आईचे डोळे भरून आले. बाबांच्या तोंडावर दिसायचं ते तिला पुन्हा दिसलं असावं.

"लिहा," ती म्हणाली. "दुरुस्ती लिहा. दुसरा तपासनीस बोलवायचा तर बोलवा, पण लिहा. आणि आता तुमचं काम संपलं ना? मग चहा घ्या."

तपासनीसाने सही केली, कागद पिशवीत ठेवले, आणि मगच कप हातात घेतला.

*

खाली उतरताना आधी दादा गेला, मग आत्याला उतरवलं, मागून वहिनी उतरली. तपासनीस त्यांच्याही आधी उतरून खाली बोटीभोवती फिरत होता आणि अधूनमधून हाताने लाकूड थोपटत होता. वर डेकवर टोची आणि आई दोघीच राहिल्या. आईची वळकटी बादलीत बसत नव्हती, म्हणून टोची ती पुन्हा घट्ट बांधत होती.

"रागावलीस?" आईने विचारलं.

"नाही."

"टोचे."

"खोली तुझ्यासाठी केली होती," टोची म्हणाली, आणि मग तिच्याने खोटं बोलवेना, आज पुरेसं बोलून झालं होतं. "नाही, तुझ्यासाठी नव्हती. तू पडशील याची भीती होती, तेही खरं. पण संध्याकाळी दवाखाना बंद करून घरी जाते ना, तर कुलूप मीच उघडते. सहा वर्षं झाली, घरात दुसरं कुणी नाही. मला करमत नाही गं एकटीला."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "म्हणून तर आले नाही. मी आले असते तर तू माझं करत बसली असतीस आणि म्हणाली असतीस, छान चाललंय. मी नाही का पंचेचाळीस वर्षं म्हटलं? ती खोली दुसऱ्या कुणाला तरी दे. भांडणारं कुणीतरी बघ."

टोचीने दोर ओढून गाठ मारली. गाठ नीट बसली नाही, आईने ती सोडवून पुन्हा मारली.

"मग मी रविवारी तुमच्याकडे येऊ?"

"ये की. पण आधी फोन कर. आम्ही नसू कदाचित."

"नसलीस तर?"

आईने शिडीवर पहिला पाय टाकला आणि दोन्ही हातांनी कड धरली. "तू अठरा वर्षांची झालीस आणि हॉस्टेलला गेलीस," ती म्हणाली, "तेव्हा दर रविवारी येते म्हणाली होतीस. चार रविवार मी तुझं पान मांडलं. पाचव्या रविवारी नाही मांडलं. वाईट वाटतं, मग सवय होते. तुलाही होईल." आणि ती एक पायरी खाली उतरली. "वरून शिडी धर नीट. आणि मी जा म्हणेपर्यंत सोडू नकोस."

टोचीने गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी शिडी धरली. आई एकेक पायरी मोजत खाली चालली होती. जमिनीवर पाय टेकल्यावर तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "जा."

टोचीला हात सोडायला थोडा वेळ लागला.